डाव्या बाजूने बहिरा माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माझे सगळेच ऐकू नका. माझ्यामुळेच दोन सख्खे भाऊ नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

माझा जन्म शिकागोच्या कारखान्यात झाला. केंटकीच्या डोंगरातल्या हॉबर्ट स्टर्जिलने दुभती गाय देऊन मला घरी आणले. आई ऑली गाईसाठी रडली, पण रेडिओवर पोरांचे गाणे ऐकल्यावर गप्प झाली.

स्टर्जिल बंधूंच्या बँडला मी एकटाच होतो. सगळे माझ्याभोवती दाटी करत. ज्याची पाळी तो पुढे घुसे, बाकीचे अंग चोरून मागे सरत. गाताना दोघे भाऊ कपाळाला कपाळ लावत. जेवणात कांदा होता की नाही, हे मला पहिल्या ओळीतच कळे. उजवीकडे गिटारवाला हॉबर्ट, डावीकडे मँडोलिनवाला धाकटा व्हर्लन. लहानपणी आईने चर्चमध्ये असेच उभे केले होते. ती जागा बदलणे म्हणजे बायबलची पाने उलटी लावण्यासारखे.

एका उन्हाळ्यात मला गोठ्यातल्या फळीवर उघडेच ठेवले. एका कुंभारमाशीने माझ्या डाव्या जाळीमागे मातीचे घर बांधले. मला ते कळत होते. पण माझ्या तोंडून दुसऱ्यांचेच बोल निघतात, स्वतःचा एकही नाही.

पुढच्याच जत्रेत व्हर्लनचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

"दादा, खांदा आवर!" तो मंचामागे म्हणाला.

"माझा खांदा जन्मापासून तिथेच आहे."

"वाढलाय मग!"

पुढच्या कार्यक्रमाला व्हर्लनने खडूने जमिनीवर रेघ मारली. बँजोवाला एस्टिल पंच झाला. दोन कार्यक्रमांनंतर पंचावरच संशय आला.

"रेघ रात्रीतून सरकली! एस्टिल, तू दादाला फितलास."

"मी? मला तर दोघेही नकोसे झालात!"

एस्टिल गेला. मग व्हर्लन गेला. मी पुन्हा फळीवर गेलो, तेही उघडाच. माशीच्या लेकी-सुनाही माझ्यात राहायला आल्या.

नऊ वर्षांनी ऑलीने ऐंशीव्या वाढदिवसाला फर्मान काढले, "दोघे एकत्र गाणार नसाल, तर माझ्या दफनालाही येऊ नका."

चर्चच्या अंगणात, लोकांची ताटे भरलेली असताना दोघे माझ्यापुढे उभे राहिले. मध्ये हातभर अंतर होते, तरीही व्हर्लन ऐकू येईना.

"बघितलंस, आई? आता तर हा लांबूनच ढकलतोय!"

ऑली काठी टेकत आली. तिने माझ्या जाळीकडे डोळे बारीक करून पाहिले, अंबाड्यातली पिन काढली आणि टोचली. भसाभस माती पडली.

"बैलांनो! नऊ वर्षांत कुणी आत बघितलं नाही?"

व्हर्लनने मातीचे ढेकूळ उचलून पाहिले.

"म्हणजे दादा, तू ढकलत नव्हतास?"

हॉबर्टने टोपी काढून डोके खाजवले. "एकदाच. त्या पहिल्या जत्रेत."

व्हर्लन आधी हसला, मग त्याने मँडोलिन लावली. ऑलीने नातवंडांसकट सगळ्यांना गप्प केले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर फडके टाकत जा, आणि भांडण्याआधी जाळी उघडून बघत जा. आता प्रत्येक गाण्याआधी हॉबर्ट आईची पिन माझ्यात घालून तपासतो. तो नीट तपासतोय ना, हे व्हर्लन शेजारी उभा राहून तपासतो.