होडीला बाईचा पाय

किहीमच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचा एक पाडा आहे. तिथल्या दवाखान्यात रोज सकाळी दोन रांगा लागत. बायकांची रांग डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे जाई, पुरुषांची कंपाउंडर दिनानाथच्या टेबलापाशी थांबे. मधे हिरवा पडदा.

आता आतला प्रकार सांगतो. दिनानाथला औषध ढवळता येई, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवता येई आणि चेहरा गंभीर ठेवता येई. वैद्यकाशी त्याचा एवढाच संबंध. पुरुष त्याला जीभ दाखवत. तो मोठ्यानं म्हणे, "जीभ पांढरी. ताप तीन दिवस. उजव्या कुशीत दुखतं." पडद्याआडून केसर हलक्या आवाजात औषध सांगे. दिनानाथ क्षणभर डोळे मिटे आणि ते आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं देई. गडी बरा होऊन घरी सांगे, "दिनानाथ डाक्टरच्या हाताला गुण हाय."

ही केसर म्हणजे नामा तांडेलाची मुलगी. साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न. पाड्यातून मुंबईला जाऊन डॉक्टर झालेली ती पहिलीच, आणि डॉक्टर होऊन परत आलेली बहुधा शेवटचीच. ती निघाली तेव्हा कुणीतरी नामाला टोचलं होतं, "पोरगी मडी कापनार म्हनं?" नामा होडीच्या मालकाच्या तोऱ्यात म्हणाला होता, "मासली कापते तशी कापंल. तुज्या पोटात काय येगला हाय?" असा बाप त्या काळी किनाऱ्यावर दुसरा नव्हता. त्याचं हे पुण्य मी आधीच त्याच्या नावावर मांडून ठेवतो. पुढं लागेल.

तिची ट्रंक रेवसच्या धक्क्यापर्यंत खांद्यावर नेली ती थोरल्या भावानं, शिवदासनं. तो चौथीतून उठून होडीवर गेला होता. म्हणाला, "येका घरात येक शाना पुरं."

कॉलेजात केसरला हाडांचं काम शिकायचं होतं. मोठे सर्जन हसून म्हणाले, "हाडं बसवायला बळ लागतं. तुम्ही बाळंतपणं शिका." ती बाळंतपणं शिकली, आणि मागच्या रांगेत टाचा उंचावून हाडंही. वसतिगृहातल्या मैत्रिणींचे धडधाकट पाय फळ्यांना बांधून तिनं हात बसवला.

पाड्यात येऊन दोन वर्षं झाली. एकेचाळीस बाळंतपणं तिच्या हातून झाली, त्यात सहा अडलेली. पण पुरुषाच्या अंगाला तिनं हात लावलेला चालत नसे. तिनं पडदा लावून तोड काढली.

ती तोड एकट्या शिवदासला मान्य नव्हती. तापानं फणफणला तेव्हा तो सरळ बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. बायका पदरात तोंड घालून हसल्या. एक म्हणाली, "शिवदासा, कितवा म्हयना?"

"मना खऱ्या डाक्टरकरं जायचाय," तो म्हणाला. आणि आत जाऊन बहिणीला, "काढ की गो तो परदा."

"रोगी बरा झाल्याशी कारण, दादा. पडेल आपोआप."

नारळी पौर्णिमा होऊन अकरा दिवस झाले होते. सकाळी नऊच्या सुमाराला भिकू खलाशी गुडघाभर चिखल घेऊन दवाखान्याच्या दारात आला. किनाऱ्याला येता येता शिडाचा आडवा वासा मोडला आणि शिवदासच्या मांडीवर पडला. त्यातच ओहोटी लागली. होडी काठापासून साठ पावलांवर चिखलात रुतली होती.

केसरनं पिशवी घेतली, दोन लांब फळ्या घेतल्या आणि धावली. मागं दिनानाथ. होडीवर पांढऱ्या रंगात नाव होतं 'आवडा'. आवडाबाई म्हणजे केसरची आई. ती काठावर उभी होती. तिच्या नावाची होडी बावीस वर्षं दर्यावर जात होती आणि तिनं ती आतून कधी पाहिली नव्हती.

केसरनं होडीच्या काठावर हात टाकला.

"केसर, हात काढ," वरून नामा म्हणाला.

"बाबा, मांडीचं हाड मोडलंय. फळी न बांधता हलवलात तर आतली शीर तुटेल. मला वर घ्या."

"पुनवंला दर्याला नारल दिलाय. या होरीला बाईचा पाय न्हाय लागला कदी. तुज्या आयचा पन न्हाय."

"तिचं नाव दिलंत की होडीला!"

"नाव येगला, पाय येगला."

परत होडीत चढलेला भिकू हात जोडून म्हणाला, "चार घरांची पोटं हायत हिच्यावर, बाय. दर्या कोपला तं कोन निस्तरनार? आमी त्याला खाली आनतो. तू हितं बग."

होडीवर पाच गडी होते. शिवदासचं लग्न व्हायचं होतं, आणि नामाची मुलं तर सुइणीच्या वेळची. उरलेल्या तिघांची मिळून पाच पोरं केसरच्या हातावर जन्मली होती. भिकूची जुळी तर गेल्याच श्रावणात. तिच्या हातांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. हरकत फक्त पायांना होती.

"होरीवर चरू दे तिला, बाबा," वरून शिवदासचा आवाज आला. तो कुणी ऐकला नाही असं नाही. ऐकून सगळ्यांनी दिनानाथकडे पाहिलं.

"डाक्टर हायत की! डाक्टर, वर चला."

दिनानाथला चौघांनी उचलून वर घेतलं. केसरनं फळ्या दिल्या. होडीचा काठ तिच्या डोक्याच्या वर होता. तिला नुसती शिडाची दोरी दिसत होती आणि आभाळ.

"एक फळी काखेपासून घोट्यापर्यंत, दुसरी आतल्या बाजूनं. आधी पाय सरळ ओढून धरा. कमरेवर गाठ, मांडीवर तीन, मग गुडघ्याखाली."

"बरं, बाई."

दिनानाथनं आयुष्यात मोडका पाय हातात धरला नव्हता. शिवदास कण्हला तसा दिनानाथ घाबरला. त्यानं मांडी सोडली आणि गुडघ्याखाली, जिथं दुखत नव्हतं तिथं, एक गाठ मारली.

"मांडीवर किती गाठी झाल्या?" खालून केसरनं विचारलं.

चार जोडी डोळे त्याच्याकडे डॉक्टर म्हणून पाहत होते. दिनानाथ म्हणाला, "तीन."

"झाला ना? उचला!" नामा म्हणाला.

एक किंकाळी आली. ती खाडीपलीकडच्या मिठागरापर्यंत गेली असं नंतर लोक सांगत. त्याला केसरपुढं उतरवलं तेव्हा मांडी तट्ट फुगत चालली होती आणि फळी गुडघ्याखाली लोंबत होती. केसरनं दोन्ही मुठी जांघेत दाबल्या आणि तशीच चिखलातून त्याच्या बाजूनं चालत राहिली. साठ पावलं. विसाव्या पावलाला शिवदासनं डोळे उघडले.

"बग," तो म्हणाला, "आज गड्यांच्या रांगंत लागलो."

काठावर आवडाबाईच्या पायापाशी त्याला ठेवलं तेव्हा दाबून धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. आवडाबाई रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "माजा नाव पुस त्या होरीवरचा."

संध्याकाळी दिनानाथ दाराशी आला. "बाई, गाठ एकच होती. तीही खाली."

केसरनं फळ्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाली, "तुला दोन वर्षं डॉक्टर मीच होऊ दिलं, दिनानाथ."

दुसऱ्या दिवशी होडी समुद्राच्या पाण्यानं धुतली, नारळ वाढवला. रक्त धुऊन निघालं. पुरुषाचं रक्त होडीला चालतं.

शहरातला वाचक इथं मान हलवून म्हणेल, अडाणी माणसं! त्यानं कृपा करून त्या मोठ्या सर्जनना आठवावं. त्यांच्या दवाखान्यात ना दर्या होता, ना नारळ. तरी एक होडी होतीच, आणि तिच्यावरही बाईचा पाय चालत नव्हता. आपल्या घरी मुलाचा पाय मोडला, तर आपण कुणाला हाक मारतो, तेही जरा आठवून पाहावं. उत्तर मला कळवायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. हिरवा पडदा काढलेला होता. बायकांची रांग नेहमीएवढीच होती. पुरुषांच्या रांगेत एकच माणूस, नामा तांडेल. तो दिनानाथच्या टेबलावरून पुढं गेला आणि केसरसमोरच्या स्टुलावर बसला.

"दाखला पायजे."

तिनं छापील कागद ओढला. नाव. वय सव्वीस. मृत्यूचे कारण.

"काय लिवलास?"

"मांडीचं हाड मोडून आत रक्तस्राव."

"माजा नाव?"

"वर आहे. वडिलांचं नाव म्हणून."

"तितं न्हाय. कारनात."

केसरनं मान वर केली. दोन वर्षांत बाप पहिल्यांदाच या खोलीत बसला होता.

"त्याला रकाना नाही, बाबा."

"मंग आख की येक."

तिनं पेन उचललं आणि तसंच धरून राहिली. कागद सरकारी छापाचा होता. रेघा आधीच ओढलेल्या होत्या, चारी बाजूंनी.