व्हिसाच्या फाईलीत एक पत्र कमी

मी फाईल बोलतेय. निळी, प्लास्टिकची, टिचबटणवाली. तोंड वेंगाडू नका, माझ्यासारख्या फायलींच्या जिवावर माणसं विमानात बसतात.

कारखान्यातून निघाले ती थेट स्टेशनरीच्या दुकानात, चिमट्याला लटकून. शाळेतली पोरं यायची, माझं बटण टकाटक वाजवायची आणि न घेताच पळायची. दुकानदार ओरडायचा, "तुझ्या बापाचा बाजा आहे का रे?" मजा होती.

मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी नेलं. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात, हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. महिन्याभरात तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि जवळ आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं. बाईंना त्याआधी पोचायचं होतं. आईला येऊ द्या, असं तिथल्या हॉस्पिटलनं पत्रही धाडलं होतं. बाईंनी ते सगळ्यात आधी माझ्यात ठेवलं. तेही इस्त्री करून! शप्पथ.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे फॉरेनवाले काका टपकले. दोनदा परदेशी जाऊन आलेत. तेव्हापासून दळण आणायला निघाले तरी बूट घालतात.

"वहिनी, हे पत्र काढा आधी," काका म्हणाले. "आजारपण दिसलं की त्यांना वाटतं, ही बाई तिथंच ठाण मांडणार. फिरायला जातेय म्हणा. मुलगी कशी आहे विचारलं, तर ठणठणीत!"

"अहो, पण ती..."

"व्हिसा दोनदा मी काढलाय की तुम्ही?"

पत्र गादीखाली गेलं. मी बोंबलले असते, पण मला तोंड कुठंय?

मग काकांनी दिलेल्या प्रश्नांच्या यादीवर रोज मुलाखतीची तालीम. बाईंचे यजमान बस चालवून रिटायर झालेले. ते व्हिसावाले साहेब व्हायचे, आणि शिलाई मशीन म्हणजे साहेबांची खिडकी.

"कशाला जाताय?"

"फिरायला."

"काय बघणार?"

"ते... काय हो ते? पूल."

"अगं, म्युझियम! पूल दुसऱ्या दिवशी!"

मी खदाखदा हसत होते. पण "मुलगी कशी आहे?" म्हटलं की बाई अडायच्याच. "म्हण ठणठणीत. म्हण ना गं," करत यजमानच शेवटी रुमाल काढायचे. आठव्या दिवशी मात्र तो शब्द फाडकन यायला लागला.

आणि मुलाखतीचा दिवस उजाडला. काचेपलीकडे साहेब, शेजारी त्याचं बोलणं समजावणारी एक बाई. यजमानांना बाहेरच थांबवलेलं.

"मुलगी कशी आहे?"

"एकदम ठणठणीत."

"मग पुढच्याच आठवड्यात जायची एवढी घाई का?"

हा प्रश्न काकांच्या यादीत नव्हता.

"म्युझियम," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

मग त्या काचेला टेकल्याच. "साहेब, ती आजारी आहे हो. ऑपरेशन आहे तिचं."

"हॉस्पिटलचं काही पत्र?"

बाईंनी मला उलटं केलं, झटकलं, आतून हात फिरवला. माझ्यात काय असणार? साहेबानं मान हलवली आणि नकाराचा छापील कागद सरकवला.

पुन्हा अर्ज केला, या वेळी पत्रासकट. पण तारीख मिळाली ऑपरेशननंतरची.

ऑपरेशन झालं. मुलगी टेबलावरून उठली नाही.

काका खाली आले. दारातच उभे राहिले, अनवाणी. "वहिनी..." एवढंच म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्यातले कागद लावत होत्या.

काल यजमानांनी हळूच विचारलं, "एकदा प्रश्न घेऊ का गं?"

"नको."

आता माझ्यात सगळ्यात वर मुलीच्या मृत्यूचा दाखला आहे. त्याच्या जोरावर मुलाखतीला सोमवारची तातडीची तारीख मिळाली. तिकडचं हॉस्पिटल तिला शवागारात दहा दिवस ठेवणार म्हणतंय, त्यातले सहा गेले.

खिडकीवाल्या साहेबा, मी साधी प्लास्टिकची फाईल, तुला काय सांगणार? पण सोमवारी मला फार चाळत बसू नकोस. वरचाच कागद वाच आणि शिक्का मार. आईनं तोंड बघितल्याशिवाय तिला नेऊ नये, एवढंच.