दुभाष्या कशाला?

डॉ. उत्तरांना दुभाष्या लावलेला खपत नसे. अमेरिकेतल्या चँडलरच्या त्यांच्या दवाखान्यात २००५च्या सुमारास निम्म्या बायका मेक्सिकोच्या असत आणि उत्तराबाईंचं स्पॅनिश इतकं फर्डं, की त्या बायका घरातल्या कुरबुरीसुद्धा त्यांना सांगून जात. बाईंना याचा गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

मार्सेलिना पहिल्यांदा आली तेव्हा हाताखालच्या आश्लेषानं विचारलं, "काकू, फोनवर इंटरप्रिटर अरेंज करू?"

"माझ्यासाठी? काहीतरीच काय!"

मार्सेलिनाला आठवा महिना, बीपी चढलेलं. गोळ्या घेशील ना? "सी," म्हणजे हो. बाळ हलतंय ना? "सी." हलणं कमी झालं तर त्याच दिवशी यायचं, कळलं? "सी, दोक्तोरा." गुणी पोरगी, फालतू बडबड नाही. उत्तराबाई खूश.

पुढच्या तपासणीला बाळाचे ठोके लागेनात. मशीन बदललं, तरी नाहीत. उत्तराबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि हळुवारपणे, स्पॅनिशमध्ये, बाळ गेल्याचं सांगितलं.

मार्सेलिना हसली. "सी, दोक्तोरा," म्हणाली आणि चपला शोधू लागली.

उत्तराबाईंनी गाडीत थांबलेल्या तिच्या नवऱ्याला, फौस्तिनोला, आत बोलावलं.

"तिला स्पॅनिश येत नाही," तो खालमानेनं म्हणाला. "आम्ही डोंगरातले, आमची भाषा त्रिकी. तिकडे दवाखान्यात स्पॅनिश येत नाही म्हटलं की हसतात, हाकलतात. मीच तिला सांगितलंय, सी म्हणत जा."

तरुणपणी मेळघाटात कोरकू बायका उत्तराबाईंच्या मराठीला अशाच हो म्हणायच्या. तेव्हा नव्या डॉक्टरांना त्याच बजावत, 'नुसत्या होवर जाऊ नका, तिच्या तोंडून वदवून घ्या.' इथे स्पॅनिशच्या तोऱ्यात सगळं विसरल्या. स्वतःची शिसारी आली त्यांना.

त्यांनी फौस्तिनोला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मार्सेलिनानं त्याची बाही ओढून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय," तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "बाळ आता लाथा मारत नाही, शांत झोपतं. चांगलं वाढतंय ना?"