काटा बिघडलेला नाही

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. टोकावड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर, अंगणवाडीच्या आढ्याला मी लटकतो. माझी तबकडी पिवळी पडली आहे, पण वजन अजून चोख सांगतो. खाली झोळी अडकवतात, तीत बाळ ठेवतात आणि बाळ भोकाड पसरतं. नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! बाळाचं वजन भरलं की बायका माझ्याकडे बघून हसत. पण घटलं की एकच बोलणं: काटा बिघडलाय. वीस वर्षं हेच ऐकतोय. मध्ये बॅटरीचा काटा आला, तेव्हा मला कपाटावर टाकून दिलं. चार महिन्यांत तो बंद पडला आणि मला फडक्याने पुसून पुन्हा टांगलं. माफी मात्र कुणी मागितली नाही.

गेल्या हिवाळ्यात सारिका आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. सोबत तिची सासू रंगू होती. मागच्या महिन्यात मुलगी साडेचार किलो भरली होती. या वेळी मी चार किलो तीनशे दाखवले.

“काटा बिगडलाय,” रंगू म्हणाली. म्हणणारच!

सेविका वत्सलाताईंनी मुलीला सारिकाकडे दिलं आणि मिठाची किलोची पुडी झोळीत टाकली. मी बरोबर एक किलो दाखवला. मग त्यांनी सारिकाला विचारलं, “अंगावर पाजतेस ना?”

“बंद केलं. तुमीच बोलल्या ना ताई, बिडीचं इख दुधातनं पोरीला जातं? बिडी काय सुटंना, मंग अंगावरचंच सोडवलं. बकरीचं दूध देते, पानी घालून.”

डोक्याला हात लावावा, तर मला हात नाहीत! दोनांतलं एक सोडायचं होतं, तर हिने बाळाचं दूध सोडलं आणि बिडी ठेवली!

“चूक माझी, मी अर्धंच सांगितलं,” ताई म्हणाल्या. “अगं, सोडायची ती बिडी. आणि सुटेपर्यंतही पाजणं थांबवायचं नाही. आधी पोरीला पाज. ओढायचीच झाली तर नंतर, घराबाहेर. मग हात धू, पोलकं बदल, तेव्हाच तिला घे. आता सारखी अंगाला लाव, दूध परत वाढेल.”

“आमी पोरांना वव्याची धुरी देतो, तवा धूर चालतो,” रंगू फणकारली, “आनि बिडीचा चालत नाय?”

“कुठलाच धूर पोरीच्या छातीला नको, मावशी. सारिका, तू सांग, बिडी सुटत का नाही?”

 सारिका सासूकडे न बघता म्हणाली, “बिडी पेटवली का मला कोनी उठवत नाय. निसती बसली, का आत्या हाक मारतात.”

 मुलगी सारिकाच्या मांडीवर रडत होती. तिला रंगूनेच उचललं.

पुढच्या महिन्यात मी चार किलो नऊशे दाखवले. बिडी एका दमात सुटली नव्हती. एका लग्नात दोन ओढल्या, हे सारिकानेच कबूल केलं. तिचा नवरा मनोज तर तिला रोज बजावत असे, “सोड गो ती बिडी,” आणि तेही स्वतःच्या तोंडात बिडी धरून! माझा नुसता संताप होतो. पण त्या दिवशी सारिका पायरीवर बिडीविना, रिकाम्या हातांनी बसली होती आणि तिला कुणी उठवत नव्हतं. आत मुलगी रंगूच्या कडेवर होती आणि “काटा बिगडलाय” असं कुणीही म्हणालं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळंतीण असेल तर एवढं करा. तिला ‘सोड’ म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. ‘बस गो जरा, पोर मी घेते,’ असं म्हणणारं एक तरी माणूस तिला लागतं.