उजवा गाल

दाजींच्या तोंडात दिवसभर खिळे असायचे. धंदा सोफ्यांना कापड चढवण्याचा. दोन्ही हात कापड ताणण्यात अडकलेले, मग खिळे ठेवायचे कुठे? जुने कारागीर ठेवत आले तिथेच, गालात. जिभेने एक खिळा ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने तो उचलायचा आणि लाकडात ठोकायचा. बघणारा डोळे मिटून घ्यायचा. दाजी मात्र खिळ्यांसकट गप्पा मारायचे.

त्यांना दाजी म्हणायचा खरा हक्क एकाचाच होता, बायकोच्या धाकट्या भावाचा. हा मेहुणा कारखान्यात त्यांचा भागीदार. तो सकाळपासून ‘दाजी, दाजी’ असा घोष लावायचा, की पुढे सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली.

दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. पूर्वी दोघेही सिगरेट ओढत. मग एकदा ठिणगी कापसाच्या ढिगावर पडली आणि कारखाना थोडक्यात वाचला. तेव्हापासून मेहुणा बाहेरच्या पायरीवर जाऊन ओढायचा आणि दाजींनी सिगरेट सोडून तंबाखू धरली. ह्या बदलाचा त्यांना कोण अभिमान!

“धुरकांड्या, छातीचा भाता फुटेल तुझा,” ते म्हणायचे. “माझं बघ. धूर नाही, राख नाही, खोकला नाही.”

“आणि दर घटकेला थुंकायला उठता ते?”

“थुंकतो म्हणूनच तर आत काही जात नाही!”

ह्यावर मेहुण्याला उत्तर सुचायच्या आधी खोकला यायचा आणि दाजी जिंकायचे.

मग दाजींच्या तोंडात चरचरायला लागलं. गरम चहा सोसेना, तिखट तर दूरच. बायको वैतागली. “ह्याहून फिकं केलं तर ताटात नुसतं पाणीच वाढावं लागेल,” ती म्हणाली. “दाखवा ना कुणाला तरी.”

“खिळा लागलाय गं. आमच्या धंद्यात चालायचंच.”

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. ज्याच्या तोंडात खिळेच नसतात, तो बिचारा घाबरून वेळेवर डॉक्टर गाठतो. दाजींकडे कारण तयार होतं, त्यामुळे त्यांनी महिनोन्‌महिने कानाडोळा केला.

एका दुपारी एक गिऱ्हाईक आपल्या सासऱ्यांची खुर्ची घेऊन आलं आणि म्हणालं, “जरा टोचेल अशी बनवा, म्हणजे लवकर उठतील.” दाजी दाराच्या उजेडात तोंड उघडं टाकून हसले. मेहुणा हसता हसता थांबला.

गिऱ्हाईक गेल्यावर तो जवळ आला. “दाजी, आ करा.”

“काय रे हे?”

“आ करा म्हणतो ना.” त्याने वाकून पाहिलं. “आत पांढरा पट्टा आहे.”

“खिळा लागला असेल.”

“खिळे तुम्ही डाव्या गालात धरता. इतकी वर्षं समोर बसतोय मी. डावीकडे खिळे, म्हणून बोलता उजवीकडून. पट्टा उजव्या गालात आहे. तिथे तुम्ही काय धरता?”

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याने चपला घातल्या, भर दुपारी कारखान्याला कुलूप लावलं आणि दाजींच्या दंडाला धरून त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी आरसा फिरवून गाल पाहिला, तपासणीसाठी लहानसा तुकडा काढायला हवा म्हणाल्या. दाजींनी शेवटचा प्रयत्न केला. “पण सिगरेटीपेक्षा तंबाखू बरी ना?”

“सिगरेट फुप्फुसं खाते, हृदय खाते, तोंडालाही सोडत नाही. तुमची फुप्फुसं धुरापासून वाचली, हे खरं. पण तंबाखूचा रस गालातूनच रक्तात जातो, थुंकलात तरी. तोंडाचा, घशाखालच्या अन्ननळीचा कर्करोग होतो तिच्याने. कमी वाईट कोणती हे ठरवत बसू नका काका. दोन्ही सोडा.”

निकाल येईपर्यंत दाजींचा जीव टांगणीला लागला. तंबाखूची डबी त्यांनी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली होती. हात तरी सारखा खिशाकडे जायचा. निकाल आला. कर्करोग नव्हता, पण पट्टा त्या वाटेला लागला होता. बाईंनी तो काढला, पुन्हा पुन्हा दाखवायला या म्हणून बजावलं.

गालाची जखम भरल्यावर पहिला गरम चहा प्यायले तेव्हा दाजींचे डोळे भरून आले. चहा साधाच होता. बायकोने विचारलं, “भाजलं का?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली. जिभेला चव होती, समोर ती होती, उद्या कामावर जायचं होतं. माणसाला आणखी काय हवं असतं?

खिळे आता वाटीत असतात. मेहुणा बाहेर सिगरेट ओढायला गेला, की पूर्वी दाजी डबी काढायचे. आता करायला काही नसतं. एक दिवस ते उठून त्याच्याशेजारी पायरीवर जाऊन बसले.

“तुम्ही आत बसा, धूर लागेल,” मेहुणा सरकत म्हणाला.

“लागू दे.” दाजी आणखी जवळ सरकले. “तू होतास म्हणून मी आहे रे. घरच्या माणसाचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. म्हणून बसलोय.”

मेहुण्याने एक झुरका घेतला. मग त्याला खोकला आला, खोलवरून, बराच वेळ. दाजींनी ह्या वेळी थट्टा केली नाही. पाठीवरून हात फिरवत राहिले. अर्धी सिगरेट त्याने पायरीवर चिरडली.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “त्या बाई छातीच्या एखाद्या डॉक्टरांचं नाव सांगतील का?”

त्याने वळून पाहिलं. दाजी चपला घालून कारखान्याला कुलूप लावत होते.