आधी स्वतःची जबाबदारी

शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीत एका व्याख्यानाला गेलेलो. विषय होता, सुखी संसारासाठी आधी स्वतःची जबाबदारी घ्या. मी इतका भारावलो की परतताना रिक्षातच बदलून गेलो.

घरी हेमांगी सोफ्यावर ओठ घट्ट मिटून बसलेली. बायको रागावलीय म्हटल्यावर मला संधीच मिळाली. "चूक माझीच आहे," मी जाहीर केलं.

ती नुसती बघत राहिली. आता कोणती चूक, हे काही व्याख्यात्याने सांगितलं नव्हतं. मी अंदाजाने सुरुवात केली. "लोणच्याची बरणी मी फोडली, मांजरीने नाही."

तिच्या भुवया वर गेल्या.

"बरं, खोपटला तुझ्या भावाकडे पूजा होती ना, तेव्हा मला ताप वगैरे काही नव्हता."

भुवया आणखी वर. म्हणजे हिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं! पण मी कसला थांबतोय. जबाबदारी घ्यायची तर पूर्ण घ्यावी माणसाने. "आणि तुझ्या आईचा फोन आला की मी मुद्दाम बाथरूममध्ये जाऊन बसतो."

हेमांगीने तोंडातून रक्ताळलेला कापसाचा बोळा काढला.

"दाढ काढली आज," ती जड जिभेने म्हणाली. "सोबत तू येणार होतास."