सोडलेला धूर

“सुकट हाय काय ती, उनात घालायला?”

मुसा होडेकर पडवीतल्या खाटेवरून पुटपुटले. बायकोला, फरीदाला ऐकू तर जावं, पण भांडायला तिच्या हाती काही सापडू नये, एवढ्याच आवाजात पुटपुटायची त्यांची जुनी खुबी. उमेदीची सगळी वर्षं दुबईच्या हॉटेलात बड्या लोकांच्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेली. तशा नोकरीत माणूस ओरडणं विसरून जातो.

फरीदा घरापुढच्या खळ्यात उकिडवी बसून कोकमाची सोलं उलटत होती. मे सरत आला होता. या दिवसांत त्यांच्या कर्ले गावात कुणाच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. पुढे पाऊस घराला विळखा घालून बसणार, म्हणून जे जे बुरसटेल ते ते बायका आधीच उन्हात काढतात. एका चटईवर सोलं, दुसरीवर बोंबील, दगडी गडग्याशी चिंच. आणि बोंबील नि सोलांच्या मधोमध, फरीदाच्या जुन्या ओढणीवर, ओळीनं मांडलेल्या सिगारी.

सिगारी साध्यासुध्या नव्हत्या. मुसा ज्या हॉटेलात होते तिथे नुसत्या सिगारी ओढायला वेगळी खोली होती. तिला लाउंज म्हणायचे. चामड्याच्या खुर्च्या, जाड पडदे, भिंतीभर काचेची कपाटं, आणि त्या कपाटांना माणसाला मिळणार नाही इतकी जपून दिलेली ओल आणि गारवा. मुसा तिथले सगळ्यात जुने वेटर. नोकरी सोडून कायमचे घरी निघाले तेव्हा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं या सिगारींची पेटी त्यांच्या हातात ठेवली होती. त्यातली महागातली एक सिगार म्हणजे मुसांचा महिन्याचा पगार, असं ते स्वतःच हसत सांगायचे. पेटी त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यात, ओल्या स्पंजाच्या तुकड्यासकट, कपाटाच्या तळाशी ठेवली होती. मुलीच्या, मनालच्या लग्नात नवऱ्याकडच्या मोठ्या माणसांपुढे करायची म्हणून.

सकाळी आवराआवरीत फरीदानं डबा उघडला. आत दमट, आणि पानांवर पांढुरकी झाक. कोकणातल्या बाईला ओल दिसली की तिचे हात आधी चालतात, डोकं मागून येतं. मुसांना जाग येईपर्यंत सिगारींनी चांगलं कडक ऊन खाल्लं होतं. वरची पानं तडकली होती आणि वाऱ्यानं बोंबलांचा वास त्यांना चिकटला होता.

“बुरा नव्हता तो,” मुसांनी तिला समजावलं. “तेल असतं पानाचं. वर येतं.”

एवढंच. पुढे रागावले नाहीत. आधीचे मुसा असते तर निदान जेवण होईपर्यंत अबोला धरला असता. फरीदाला तो अबोला हवा होता. माणूस रागावायचं सोडतो तेव्हा त्यानं आणखी काय काय सोडलंय, याचा हिशोब बाई मनात करू लागते.

गेल्या थंडीत मुसांना खोकला लागला. मग अंगावरचे सदरे ढगळ झाले. मग कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. मुसांना बाहेर बसवून डॉक्टरनं फरीदाला आत बोलावलं आणि विचारलं, किती वर्षं ओढतात? फरीदाला हसूच आलं. विडीलासुद्धा शिवले नाहीत, ती म्हणाली. मग काम काय करायचे? तिनं सांगितलं. खोली बंद असायची? “एसी होता,” फरीदा म्हणाली, गावातली माणसं ज्या अभिमानानं म्हणतात त्याच अभिमानानं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. त्यानंतर तो जे बोलला ते हळू बोलला, आणि तिच्या तोंडावरचा अभिमान कुठे ठेवावा ते फरीदाला कळेना.

बाहेर येऊन तिनं मुसांना सांगितलं, फुप्फुसावर डाग हाय. जुना हाय. गोळ्या दिल्यात.

तेव्हापासून घरात तो डागच होता. मुलगा फैझान आणि मनालला तिनं विहिरीवर नेऊन खरं सांगितलं, फक्त त्या खोलीचं सांगितलं नाही. त्यांनीही खाली मान घालून डाग हाच शब्द उचलला. बघायला येणारे नातेवाईक तर डागसुद्धा म्हणत नसत, ‘ते’ म्हणत. ते आता कसं हाय? ते कमी हाय. गोळ्या वेदना कमी करायच्या होत्या, ‘ते’ कमी करायच्या नव्हत्या. हे फक्त फरीदाला आणि गोळ्यांना ठाऊक.

अशात लाउंजच्या मल्याळी मॅनेजरचा फोन आला. मुसाभाईची जागा रिकामी आहे, मुलाला पाठवा. कर्ल्यात होडी जशी बापाकडून मुलाकडे जाते तशीच गल्फची नोकरी जाते. कुणी मागे वळून विचारत नाही. फैझान गणपतीपुळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये वेटर होता. पाऊस लागला की मालक निम्म्या पोरांना घरी बसवायचा. त्याला जायचं होतं. मुसांना त्याला पाठवायचं होतं. व्हिसा आला, बॅग आली, रविवारचं विमान ठरलं. फरीदा काय म्हणते असं कुणी विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही. बोलायचं तर सुरुवात कुठून करायची? बाप ऐकत असताना त्या खोलीचं नाव घ्यायचं म्हणजे डागाचंही खरं नाव घ्यावं लागणार.

“आण इकडे त्या,” मुसा फैझानला म्हणाले. “कामातनं गेल्याच हायत. तुला शिकवायला तरी येतील.”

फैझाननं ओढणीची चारी टोकं धरून सिगारी पडवीत नेल्या. मनाल उंबऱ्यावर चिंच सोलत बसली. फरीदा खळ्यातच राहिली, पण तिचे हात एकच सोल पुन्हा पुन्हा उलटत होते.

मुसांनी दोन सिगारी निवडल्या. एक हवानाची, दुर्मीळ, एका वर्षाच्या पिकातून वळलेल्या मोजक्यांतली. दुसरी निकाराग्वाची, चांगली, पण तिच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीची. दोन्ही त्यांनी मुलाच्या नाकाखाली धरल्या. गिऱ्हाइकासमोर भाव आपणहून काढायचा नाही, त्यांनी सांगितलं. दोन्ही ताटलीत ठेवायच्या, न पेटवता वास घेऊ द्यायचा आणि आपण त्याच्या हाताकडे बघायचं. हात ज्या सिगारीकडे परत जातो ती त्याची. पेट्रोलच्या लायटरनं पेटवायची नाही, देवदाराची काडी वापरायची. राख झटकायची नाही, आपोआप पडू द्यायची. सिगारीचा तिसरा हिस्सा जळेपर्यंत खुर्चीमागून हलायचं नाही, कारण तेवढ्यात गिऱ्हाईक विचारतंच, कशी आहे? मग सांगायचं, कॉफीची चव, चामड्याची, मिऱ्यांची, शेवटी थोडी गोडसर. हे सगळं सांगताना मुसांचा आवाज स्वच्छ झाला होता. खूप दिवसांनी त्यांच्या वाक्याला धाप लागत नव्हती.

“पण तुमी ओढली नाय ना कधी,” फैझान म्हणाला. “मग चव कशी कळायची?”

“नाकानं. तिथं उभा ऱ्हाशील तर तुला पण कळेल.”

मनालची चिंच सोलणारी बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली.

“खरं सांगा, अब्बा. गिऱ्हाइकाला सांगता ता नको. तेवढ्या पैशाचं असतं काय त्यात?”

मुसांनी दोन्ही सिगारी मांडीवर ठेवल्या. आयुष्यभर हा प्रश्न त्यांना इतरांनी इंग्रजीत, अरबीत विचारला होता. घरच्या बोलीत तो पहिल्यांदाच आला. ते विचार करून म्हणाले की फरक असतो, खोटं कशाला बोलू. हवानाची धुरात मऊ असते, जळते सावकाश, मागे वास ठेवून जाते. पण दहापट नसते. मार्चमधल्या पहिल्या पेटीचा हापूस वाशीच्या बाजारात कोणत्या भावानं जातो? आणि खरी गोडी कधी असते, आता, मे अखेरीस, पोरं गडग्यावर बसून चोखतात तेव्हा. पहिल्या पेटीचा माणूस आंब्याचे पैसे देत नाही. दुसऱ्या कुणाला मिळाला नाही, याचे देतो.

“म्हणजे फसवणूकच,” फैझान हसला.

“नाय रे. त्याला जा हवं ता त्याला मिळतं. फसला कुटं?”

फरीदाला हे ऐकताना मुसांचे सदरे आठवत होते. रजेवर यायचे तेव्हा त्यांच्या बॅगेतून असाच वास निघायचा, देवदाराचा, गोडसर, श्रीमंत. मुलं बॅगेत तोंड खुपसायची. शेजारणी म्हणायच्या, होडेकरांचे आले वाटतं. रजा संपून ते परत गेले की एक सदरा फरीदा न धुता कपाटात ठेवायची. वास उडेपर्यंत, म्हणजे पुढचे दोनचार महिने, ती रात्री कपाट उघडून उगाच काहीतरी शोधायची. चांगला वास आहे, असं तीच म्हणाली होती. त्यांना फोनवरसुद्धा म्हणाली होती.

मुसांनी निकाराग्वाची काडीनं पेटवली. कोरडी झालेली, ती भसकन लागली. त्यांनी स्वतः ओठाला लावली नाही, फैझानच्या हातात दिली. फैझाननं झुरका खोल ओढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकला.

“छातीत नाय घ्यायची!” मुसा हसले. खरंच हसले. “ही काय विडी हाय? सिगार तोंडात धरायची, जिभेवर फिरवायची, आणि सोडून द्यायची. शहाणं गिऱ्हाईक एक घोट धूर आत जाऊ देत नाय.”

फैझाननं तसं केलं. धूर तोंडात धरला, गाल फुगवले, सोडला. तो पडवीत पसरला, वासे चाटत मुसांच्या खाटेवर उतरला.

“आणि सोडलेला जातो कुटं?” त्यानं विचारलं. कामाची माहिती घ्यावी तसंच विचारलं. कचरा कुठे टाकायचा, कपडे कुठे बदलायचे, तसं.

मुसांनी खाटेवरचा धूर हातानं वारला. “एसी असतो,” ते म्हणाले. “खेचून घेतो.”

“सगळा?”

“बराचसा.”

मग खोकला आला. आधी साधा, घसा साफ करावा तसा. मग तो खाली उतरला आणि तिथून वर येईना. मुसांनी एका हातानं खाटेचा पाय धरला, दुसऱ्या हातानं रुमाल तोंडावर दाबला. फैझाननं सिगार जांभ्याच्या पायरीवर चिरडली. मनाल चिंच टाकून पाण्याला धावली. खोकला संपायला इतका वेळ लागला की तोवर समोरच्या घरातली बाई दारात येऊन, बघून, परत आत गेली. मुसांनी रुमालाची घडी आतल्या बाजूनं घातली आणि तो उशीखाली सरकवला. तो तिथे सरकवताना घरातल्या प्रत्येकानं दुसरीकडे बघायचं, हे आता ठरूनच गेलं होतं.

“ऊन लागलं तुमाला,” फैझान म्हणाला.

“चिंचेची कुसं उडतायत,” मनाल म्हणाली. “मीच इथं बसायला नको होतं.”

मुसांनी दोघांकडे पाहिलं. मुलं किती मन लावून खोटं बोलतात याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. मग तेही मदतीला आले.

“सिगारीचा दोष हाय,” ते धाप सावरत म्हणाले. “सुकलेली. नायतर तिचा धूर असा टोचत नाय कधी. तुज्या अम्मीनं उनात घातल्यान ना.”

तिघांनी खळ्याकडे पाहिलं. फरीदाला कळलं की आता तिची पाळी आहे. फक्त एवढंच म्हणायचं होतं, हां, माझंच चुकलं, मना काय ठाऊक. तेवढं म्हटलं की खोकला सिगारीचा होणार होता, सिगार उन्हाची, आणि ऊन कुणाचंच नाही. रविवारी फैझान जाणार होता. तो शहाणा पोरगा होता, खुर्चीमागून हलला नसता. रजेवर येताना त्याच्या बॅगेलाही तो वास येणार होता.

ती उठली. गुडघे धरून उभी राहिली, हाताची कोकमाची लाली परकराला पुसत पडवीच्या पायरीपर्यंत आली. मुलांसमोर ती मुसांच्या खाटेवर कधी बसत नसे. आजही खालीच उभी राहिली.

“उनाचं नाय ता,” ती म्हणाली. “कॅन्सर हाय तुमाला. तुमी विडी नाय ओढलीत कधी. लोकांनी सोडलेलं ता ओढलंत, त्या खोलीत, आमच्यासाठी. फैझान तिथं जायचा नाय.”

मनालच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

मुसांनी हळूहळू पाय आखडून घेतले. खाटेवर एका माणसाला बसण्यापुरती जागा झाली.